स्पेनचा निवासी व्हिसा: कुठला निवडायचा आणि कागद कोणत्या क्रमाने करायचे

पुण्या-मुंबईहून स्पेनला राहायला निघालेली माणसं दोन ठिकाणी हमखास चुकतात. एक तर स्वतःचं काम आणि उत्पन्न न बघता, कुणीतरी 'सोपा' म्हणून सांगितलेला व्हिसा धरतात. दुसरं, कागद हाताला लागतील तसे करत सुटतात. मग अपोस्टिलच्या (कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय करतं त्या साक्षांकनाच्या) आधीच भाषांतर होऊन बसतं, पोलीस दाखला जुना होतो, विमा नियमात बसत नाही. दोन्ही चुका टाळता येतात आणि त्यासाठी एजंट लागतोच असं नाही. सहा ते आठ महिन्यांचा अवधी मात्र लागतो.

पुढची माहिती भारतीय पासपोर्टवर, महाराष्ट्र किंवा गोव्यातून अर्ज करणाऱ्यांसाठी आहे. इथले अर्ज मुंबईतल्या स्पेनच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात.

टप्पा १: आधी उत्पन्न बघा, मग व्हिसा

स्वतःला एकच प्रश्न विचारा: स्पेनमध्ये पोचल्यावर पुढचं वर्षभर माझे पैसे कुठून येणार? या उत्तरावर व्हिसा ठरतो.

*काम न करता पैसे येणार असतील* (पेन्शन, घरभाडं, व्याज, लाभांश, साठवलेली पुंजी), तर नॉन-ल्युक्रेटिव्ह व्हिसा. यात स्पेनच्या 'इप्रेम' या निर्देशांकाच्या ४०० टक्के उत्पन्न किंवा शिल्लक दाखवावी लागते. इप्रेम २०२३ मध्ये महिन्याला ६०० युरो ठरला. त्या हिशोबाने मुख्य अर्जदाराला वर्षाला २८,८०० युरो आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे आणखी ७,२०० युरो. नवरा-बायको आणि एक मूल म्हणजे ४३,२०० युरो. युरो १०० रुपयांना धरला तर ४३ लाख २० हजार.

*भारतातल्या किंवा इतर देशातल्या कंपनीचं काम तिथे बसून करणार असाल*, तर डिजिटल नोमॅड व्हिसा. हा २०२२ च्या अखेरीस झालेल्या स्टार्टअप कायद्यातून आला. इथे मोजमाप स्पेनच्या किमान वेतनाचं असतं: मुख्य अर्जदाराला त्याच्या २०० टक्के, पहिल्या अवलंबिताला ७५ टक्के आणि पुढच्या प्रत्येकाला २५ टक्के. २०२५ चं किमान वेतन १,१८४ युरो होतं आणि ते वर्षातून १४ वेळा मिळतं. ते बारा महिन्यांत वाटून दुप्पट केलं की महिन्याला सुमारे २,७६३ युरो होतात. हा आकडा बहुतेक दरवर्षी वाढतो, म्हणून अर्जाच्या वर्षाचाच घ्या. शिवाय पदवी किंवा तीन वर्षांचा अनुभव, त्या कंपनीशी किमान तीन महिन्यांचा संबंध आणि कंपनी किमान वर्षभर जुनी, या अटी आहेत. स्वतंत्र काम करणाऱ्यांना स्पॅनिश ग्राहकांकडून २० टक्क्यांपर्यंतच काम घेता येतं.

*घर विकत घेऊन व्हिसा* हा मार्ग बंद झाला आहे. स्पेनचा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. अजूनही कुणी पाच लाख युरोच्या फ्लॅटसोबत निवासाचा हक्क विकत असेल, तर तिथून उठून या. फ्लॅट घेता येईल, पण त्याने व्हिसा मिळणार नाही.

गोव्यातल्या काही वाचकांना यातलं काहीच लागू नाही. तुमच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर तुम्ही युरोपीय संघाचे नागरिक आहात. स्पेनला व्हिसा लागत नाही, तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर नोंदणी करावी लागते. भारतीय पासपोर्टवरच्या जोडीदाराला संघ-नागरिकाच्या कुटुंबीयाचं कार्ड मिळतं, त्यामुळे त्याच्यासाठीही नॉन-ल्युक्रेटिव्हच्या वाटेला जाऊ नका.

> सर्वांत महागडी चूक: नॉन-ल्युक्रेटिव्ह व्हिसा घेऊन पुण्यातल्या आयटी कंपनीची नोकरी लॅपटॉपवर चालू ठेवणं. "पगार भारतात जमा होतो, त्यांना काय कळणार" असं ऐकाल. या व्हिसावर कोणतंही काम चालत नाही, घरबसल्या केलेलंही नाही. बँक स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला पगार दिसला की राजीनाम्याचं पत्र मागितलं जाऊ शकतं, आणि नूतनीकरणाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा येतो.

जोडप्यांनी इथे नीट विचार करावा. नवरा निवृत्त आणि बायको अजून ऑनलाइन काम करणारी असेल, तर बहुतेक घरांत मुख्य अर्जदार नवराच होतो आणि बायकोचं काम बंद पडतं. उलट करा. बायको डिजिटल नोमॅडची मुख्य अर्जदार, नवरा अवलंबित. या व्हिसावर आलेल्या अवलंबितांनाही स्पेनमध्ये काम करायची परवानगी असते. नॉन-ल्युक्रेटिव्हमध्ये दोघांनाही नसते.

टप्पा २: नोकरदारांचा अडसर आधी सोडवा

डिजिटल नोमॅड व्हिसा ठरवला असेल आणि तुम्ही भारतीय कंपनीच्या पगारी नोकरीत असाल, तर कागदांना हात लावण्याआधी हा टप्पा पार करा. बरेच अर्ज इथेच संपतात.

स्पेनला तुमच्या सामाजिक सुरक्षेचा पुरावा लागतो. ज्या देशांशी करार असतो, त्यांच्या बाबतीत मायदेशाचं प्रमाणपत्र चालतं. भारताचे असे करार जर्मनी, फ्रान्स, पोर्तुगाल वगैरे देशांशी आहेत. स्पेनशी लागू असलेला करार नाही, त्यामुळे 'माझा पीएफ कापला जातो' हा पुरावा तिथे कामाचा नाही. उरतात दोन रस्ते:

१. तुमच्या कंपनीने स्पेनच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत स्वतःची नोंदणी करून तुमची वर्गणी भरायची. मोठ्या कंपन्यासुद्धा याला सहज तयार होत नाहीत.

२. नोकरी सोडून त्याच कंपनीशी कंत्राटी करार करायचा आणि स्पेनमध्ये 'ऑतोनोमो', म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून नोंदणी करायची.

दुसरा रस्ता घेणार असाल तर कंत्राट आजच करून उद्या अर्ज करता येत नाही. तीन महिन्यांच्या संबंधाची अट आहे. कंत्राट, त्याची बिलं आणि बँकेत आलेले पैसे हे तिन्ही किमान तीन महिन्यांचे दिसले पाहिजेत. नोकरी सोडल्याने ग्रॅच्युइटी, ग्रुप विमा आणि पीएफवर काय परिणाम होतो, हे एचआरकडून लेखी घ्या.

> तपासा: कंपनीच्या पत्रात "स्पेनमधून दूरस्थ काम करायला परवानगी आहे" हे स्पष्ट लिहिलेलं आहे का? "कुठूनही काम" एवढ्यावर भागत नाही.

टप्पा ३: पैसे कागदावर नीट दिसू द्या

अर्जाच्या आठवड्यात खात्यात ३० लाख आले तर अधिकारी विचारणारच, कुठून आले? पैसे सहा महिने आधीपासून स्वतःच्या नावावरच्या खात्यात ठेवा आणि एखादी मोठी जमा असेल तर तिचा कागद जोडा: फ्लॅटचं विक्रीखत, एफडी मोडल्याची पावती, निवृत्तीची रक्कम.

आपल्याकडचे नेहमीचे घोटाळे असे:

– फ्लॅट, शेतजमीन, सोनं यांना शिल्लक समजलं जात नाही. भाडं येत असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आणि तेच भाडं जमा होताना दाखवणारं स्टेटमेंट लागतं. रोख घेतलेलं भाडं हिशोबात धरू नका.

– एचयूएफच्या, म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, खात्यातले पैसे तुमचे वैयक्तिक नाहीत.

– आई-वडील किंवा भावासोबतचं संयुक्त खातं टाळा. ते शक्य नसेल तर सहखातेदाराचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या.

– ऑनलाइन काढलेली पीडीएफ पुरत नाही. प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि सही घ्या.

पैसे बाहेर पाठवायची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, ती सहसा आड येत नाही. पण वर्षात दहा लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा कर, कापून घेते. तो कर विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकून राहतो. पहिल्या वर्षाच्या खर्चात त्याची तजवीज ठेवा. मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत रक्कम विभागली तर ओझं कमी होतं.

टप्पा ४: कागदांचा क्रम

नियम एवढाच: ज्याची मुदत संपत नाही ते आधी, ज्याची मुदत लवकर संपते ते शेवटी. आणि प्रत्येक कागदाचा प्रवास एकाच दिशेने: मूळ कागद, मग राज्याची साक्षांकन-पायरी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, मग स्पॅनिश भाषांतर.

*सहा महिने आधी.* जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्र आणि डिजिटल नोमॅडसाठी पदवी. जुने हस्तलिखित, फक्त मराठीतले दाखले बाजूला ठेवा आणि महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून मराठी-इंग्रजी छापील प्रत नव्याने काढा. मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये शपथबद्ध भाषांतर करणारा माणूस शोधायला गेलात तर महिने जातील, इंग्रजीतून करणारे भरपूर आहेत. लॅमिनेट केलेल्या कागदावर अपोस्टिल होत नाही. पदवी लॅमिनेट करून भिंतीवर लावली असेल तर विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीचा अर्ज आत्ताच टाका. पदवीच्या साक्षांकनाआधी विद्यापीठाची पडताळणी असते आणि सगळ्यांत जास्त वेळ तीच खाते.

याच वेळी नावं जुळवा. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव, पदवीवर माहेरचं, जन्मदाखल्यावर फक्त पाळण्यातलं नाव आणि मुलाच्या दाखल्यात आईचं तिसरंच नाव, हे आपल्या घराघरांत आहे. पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. जन्मदाखल्यात दुरुस्ती होत असेल तर ती करा, नसेल तर राजपत्रातली नावबदलाची प्रत घ्या आणि तिचंही अपोस्टिल करा. केवळ प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका.

*तीन महिने आधी.* पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी. ते पासपोर्ट सेवा केंद्रातूनच काढायचं, शुल्क ५०० रुपये. पोलीस आयुक्तालयाचा चारित्र्य पडताळणी दाखला नोकरीसाठी ठीक आहे, इथे तो चालत नाही. पीसीसीला सहसा राज्याची पायरी लागत नाही, ते थेट मंत्रालयाच्या अपोस्टिलला जातं. गेल्या पाच वर्षांत दुबई, सिंगापूर किंवा अमेरिकेत राहिला असाल तर तिथलाही पोलीस दाखला लागेल, आणि तो लांबून मागवायचा असतो म्हणून आधी सुरू करा.

*शेवटच्या महिन्यात.* वैद्यकीय दाखला आणि विमा. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, नेमका हा आशय हवा: २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार सार्वजनिक आरोग्याला गंभीर धोका ठरेल असा कोणताही आजार अर्जदाराला नाही. "फिट टू ट्रॅव्हल" लिहिलेला दाखला परत येतो. घरच्या डॉक्टरांना मजकूर टाइप करूनच न्या.

अपोस्टिलसाठी परराष्ट्र मंत्रालय कागद थेट हातात घेत नाही, त्याने नेमलेल्या संस्थांमार्फतच द्यावे लागतात. मंत्रालयाचं स्वतःचं शुल्क प्रति कागद ५० रुपये आहे. त्यावर सेवाशुल्क आणि राज्याच्या पायरीचा खर्च येतो. कुणी एका कागदाचे दहा हजार मागितले तर नेमके कशाचे, हे विचारा.

> थांबा: अपोस्टिल लागण्याआधी भाषांतर करून घेऊ नका. अपोस्टिलचा मजकूरही भाषांतरात यावा लागतो, नाहीतर दोनदा पैसे जातात. भाषांतरकार स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या यादीतला 'त्रादुक्तोर हुरादो' हवा. डेक्कनवरच्या स्पॅनिश क्लासच्या बाईंनी कितीही उत्तम भाषांतर केलं, त्यावर नोटरीचा शिक्का मारला, तरी ते शपथबद्ध ठरत नाही.

टप्पा ५: आरोग्य विमा

प्रवासी विमा चालत नाही. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी, जगभर लागू असली तरी, चालत नाही. स्पेनमध्ये परवाना असलेल्या कंपनीचीच पॉलिसी लागते. सानितास, आदेस्लास, असिसा, डीकेव्ही या कंपन्यांच्या परदेशी रहिवाशांसाठी वेगळ्या योजना आहेत. पॉलिसीत तीन गोष्टी हव्यात: 'कोपागो' नको, म्हणजे दरवेळी खिशातून भरायचा वाटा शून्य, 'कारेन्सिया' नको, म्हणजे पहिल्या दिवसापासून संरक्षण, आणि मुदत पूर्ण वर्षाची. कोपागो असलेली पॉलिसी स्वस्त पडते, म्हणून लोक ती घेतात आणि अर्ज अडकतो.

वयस्कर आई-वडिलांना नेणार असाल तर विमा सगळ्यांत शेवटी ठेवू नका. अनेक कंपन्या साठी-पासष्टीनंतर नवीन पॉलिसी देत नाहीत, मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर नकार येतो. विमा मिळतो का एवढं सहा महिने आधी विचारून घ्या, प्रत्यक्ष खरेदी नंतर. आजार लपवून पॉलिसी काढू नका. पहिल्याच मोठ्या बिलाला ती कामाला येणार नाही.

स्पेनमध्ये वर्षभर नोंदणीकृत राहिल्यावर 'कोन्वेनिओ एस्पेसियाल' करून सरकारी आरोग्यसेवा विकत घेता येते: ६५ वर्षांखाली महिन्याला ६० युरो, त्यापुढे १५७ युरो. त्यात पूर्वीचे आजारही येतात, मात्र बाहेरून घ्यायच्या औषधांवर सवलत मिळत नाही.

टप्पा ६: अर्ज, आणि नकार आल्यास

पासपोर्टची मुदत किमान एक वर्ष शिल्लक आणि दोन पानं कोरी हवीत. कमी असेल तर आधी नवा पासपोर्ट काढा, कारण पीसीसीवर पासपोर्टचा क्रमांक असतो. हा क्रम उलटा झाला की पीसीसी, अपोस्टिल, भाषांतर सगळं पुन्हा करावं लागतं.

नॉन-ल्युक्रेटिव्हचा अर्ज भारतातूनच करायचा. पर्यटक म्हणून बार्सिलोनाला उतरून तो करता येत नाही. डिजिटल नोमॅडला मात्र कायदेशीर पर्यटक म्हणून आत असताना थेट तीन वर्षांच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. दूतावासातून घेतला तर पहिला व्हिसा एक वर्षाचा असतो. मला विचाराल तर मुलं बरोबर असतील त्यांनी भारतातूनच घ्यावा. शाळा, भाड्याचं घर आणि अनिश्चित परवाना हे तिन्ही एकदम अंगावर घेणं जड जातं.

नॉन-ल्युक्रेटिव्हच्या निर्णयाला तीन महिन्यांपर्यंत लागू शकतात. तोवर परतीचं नसलेलं तिकीट काढू नका, घराचं भाडं भरू नका, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले काढू नका. मंजुरी कळल्यापासून एका महिन्यात व्हिसा उचलावा लागतो.

नकार आला तर पत्रातलं कारण वाचा. एका महिन्याच्या आत त्याच दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करता येतो, दोन महिन्यांच्या आत माद्रिदच्या न्यायालयात जाता येतं. कारण विम्यासारखं सरळ असेल तर दुरुस्त करून नवा अर्ज करणं बहुधा लवकर होतं. "पुरेसं उत्पन्न नाही" असं कारण असेल, तर तेच स्टेटमेंट पुन्हा जोडण्यात अर्थ नाही.

टप्पा ७: जायची तारीख ठरवताना कर बघा

स्पेनचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. एका वर्षात १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात की तुम्ही तिथले करनिवासी, आणि तुमचं भारतातलं भाडं, व्याज, म्युच्युअल फंडाचा नफाही तिथे जाहीर करावा लागतो. जुलैच्या मध्यानंतर उतरलात आणि घरदार, व्यवसाय आधीपासून तिथे नसेल, तर सहसा त्या वर्षी निवासी ठरत नाही. फ्लॅट किंवा शेअर विकायचे असतील तर ते निवासी होण्याआधी विका. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, पण त्याने विवरणपत्र भरण्यातून सुटका होत नाही.

भारतात ठेवलेली खाती, गुंतवणूक किंवा मालमत्ता यांपैकी एका गटाची किंमत ५० हजार युरोच्या वर असेल, तर 'मोदेलो ७२०' हे माहितीपत्रक ३१ मार्चपर्यंत भरायचं. दादरचा वन बीएचकेसुद्धा यात सहज येतो. डिजिटल नोमॅडवाल्यांनी २४ टक्के सपाट कराची विशेष योजना तपासावी. तिचा अर्ज सामाजिक सुरक्षेत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांतच करता येतो.

निघण्याआधी बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्या आणि म्युच्युअल फंडाची केवायसी बदला. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत सुरू ठेवता येतो. पेन्शनरांनी दर नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्याची व्यवस्था आधीच लावावी.

टप्पा ८: पोचल्यावरचा पहिला महिना

इथेही क्रम आहे: घर, मग 'एम्पाद्रोनामिएन्तो', मग 'तिए'. एम्पाद्रोनामिएन्तो म्हणजे नगरपालिकेत पत्त्याची नोंद. तिए म्हणजे बोटांचे ठसे घेऊन मिळणारं परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र. त्याचा अर्ज प्रवेशापासून एका महिन्याच्या आत करायचा असतो. अर्ज ईएक्स-१७ आणि शुल्काचा फॉर्म ७९०-०१२ घेऊन, आधी वेळ ठरवून जायचं. बार्सिलोना, माद्रिद, मालागा इथे वेळ मिळणं फार कठीण जातं, म्हणून उतरल्या दिवसापासून संकेतस्थळ बघायला लागा. वेळ विकणाऱ्या दलालांना पैसे देऊ नका. वेळ मिळत नसल्याचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

घर शोधताना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय अनामत पाठवू नका. "मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल" ही जुनी फसवणूक अजून चालते. राहत्या घरासाठी कायद्याने एक महिन्याची अनामत आणि वर जास्तीत जास्त दोन महिन्यांची हमी मागता येते. २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यानुसार एजंटचं शुल्क मालकाने भरायचं असतं. ते टाळायला बरेच मालक ११ महिन्यांचा 'तेम्पोरादा' करार पुढे करतात. आपल्याकडच्या लीव्ह अँड लायसन्सची सवय असल्याने आपण पटकन सही करतो. त्या कराराने दीर्घ भाडेकरूचं संरक्षण जातं, आणि काही मालक नगरपालिकेत नोंद करू नका असंही सांगतात. नोंद हा रहिवाशाचा हक्क आणि कर्तव्य दोन्ही आहे. सही करण्याआधी हा प्रश्न मालकाला विचारा.

भारतीय वाहन परवाना निवास सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. बदलून देण्याचा करार भारताशी नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा नव्याने द्यावी लागते. लेखी परीक्षा इंग्रजीत देता येते.

पहिल्या दिवसापासून एक फाइल उघडा: विम्याच्या पावत्या, भाड्याच्या पावत्या, बँकेची स्टेटमेंट्स आणि देशाबाहेर गेल्या-आल्याच्या तारखा. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधीपासून करता येतो. नॉन-ल्युक्रेटिव्हचं नूतनीकरण दोन वर्षांचं असतं, त्यामुळे पैशाचा पुरावाही दोन वर्षांचा, म्हणजे एकट्या माणसाला ५७,६०० युरोचा लागतो. पाच वर्षांनी दीर्घकालीन निवासासाठी अर्ज करताना त्या काळातली एकूण गैरहजेरी दहा महिन्यांच्या आत हवी. गणपती, दिवाळी, घरातली लग्नं आणि आई-वडिलांची आजारपणं यांसाठीच्या सगळ्या भारतफेऱ्या त्याच दहा महिन्यांत बसवायच्या आहेत, तेव्हा तारखा पहिल्या वर्षापासून लिहून ठेवा.